टाळ्या न पडणारी खोली

"मॅडम, याच्या कविता ऐकून लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. आता हा काय बडबडतो ते याला तरी कळतं का?" फोंड्याहून आलेल्या आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच तक्रार मांडली. शेजारी २३ वर्षांचा मुलगा, मान खाली. त्याला निखिल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चांगलं चाललेलं सोडून मूल भलत्याच नादी लागलं, ही काळजी समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येते. निखिल तीन वर्षं स्लॅम पोएट्री करत होता. तीन मिनिटांची कविता, वाद्य नाही, श्रोत्यांतूनच निवडलेले परीक्षक गुण देतात. आता त्याला रॅप करायचं होतं. मी आईला सांगितलं, हे काही नवल नाही. न्यूयॉर्कच्या न्युयोरिकन पोएट्स कॅफेत १९९६ साली स्लॅम जिंकलेल्या सॉल विल्यम्सचा २००१ मध्ये हिप-हॉप अल्बम आला. "तो अमेरिकेत," आई म्हणाली. विषय तिथेच संपला.

मग मी घरातली तडजोड करून दिली. पणजीतली नोकरी सोडायची नाही, रेकॉर्डिंगवर महिन्याला ठरलेलेच पैसे, रात्री अकरानंतर आवाज बंद. झालं काम, असं मला वाटलं. चूक माझीच.

पंधरा दिवसांनी निखिल एकटाच आला. डोळे तारवटलेले.

"मॅडम, स्लॅममध्ये मी थांबलो की लोकही थांबतात. बीट थांबत नाही."

मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या लयीत सोळा बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं, जेमतेम ४३ सेकंदांत संपतात. तीन मिनिटांची कविता त्यात बसवताना तो रोज रात्री आपल्याच ओळी छाटत होता. आणि स्टुडिओची ती बंद खोली! कविता म्हणून झाली की समोरून हुंकार नाही, टाळी नाही; हेडफोनमध्ये फक्त एक शब्द, "परत." त्यातून त्यानं काढलेला निष्कर्ष असा: मी मुळात कवी नव्हतोच, लोक उगाच टाळ्या वाजवायचे. झोप उडाली होती ती या वाक्यानं. घरच्या भांडणाचा त्यात फारसा वाटा नव्हता.

त्याचे बाबा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवतात, हे आईच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. मी विचारलं, "तुला घुमट कधी दिलं हातात?"

"लगेच नाही. आधी दोन वर्षं नुसतं कासाळं, साथीच्या झांजा."

"तेव्हा झोप उडाली होती?"

"नाही. तेव्हा मला काहीच येत नव्हतं ना." बोलता बोलता तो थांबला आणि हसला. पहिल्यांदाच.

ज्याला एका गोष्टीत मान मिळालेला असतो, त्याला दुसरीत पुन्हा कासाळं धरायला फार जड जातं. मी महिनाभराचं काम दिलं: नवं काही लिहायचं नाही, जुन्या कवितेच्या आठच ओळी, बाबांच्या घुमटावर म्हणायच्या. मोबाइलवर टाकायचं नाही. महिन्यातून एकदा स्लॅमला जायचं, तो धागा तोडायचं काही कारण नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट विचारली, गोव्यात ती विचारावीच लागते: कार्यक्रमाआधी पितोस का? दोनदा बिअर, म्हणाला. झोप आठवडेच्या आठवडे गेली, जेवण सुटलं किंवा घेतल्याशिवाय मंचावर चढवेना, तर त्याला कलावंताची तगमग समजू नये. मी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. निखिलवर ती वेळ आली नाही. दहाएक दिवसांत झोप परतली.

बाबांनी म्हणे पहिल्याच रात्री सुनावलं, "शब्द पुढे पळतात तुझे. समेवर ये आधी." एवढी नेमकी सूचना मला जन्मात सुचली नसती.

दीड महिन्यानं आईचा फोन. "मॅडम, मला अजून काही कळत नाही हां तो काय म्हणतो ते. पण तो अकराचा नियम तुम्हीच घातला होता ना?"

"हो, का?"

"तो जरा याच्या बाबांनाही सांगा. काल साडेबारा वाजले."