'टॉर्टॉइजशेल'ची फणी मराठीत कशी लिहावी?

प्रश्न असा आहे: जुन्या शोभेच्या फण्यांच्या कॅटलॉगचं मराठी करताना 'टॉर्टॉइजशेल'ला 'कासवाचं कवच' आणि 'फ्रेंच आयव्हरी'ला 'फ्रेंच हस्तिदंत' म्हटलं तर चालेल का?

पहिलं ओढूनताणून चालेल, दुसरं अजिबात नको.

'कवच' म्हटलं की डोळ्यांसमोर हाडाची अख्खी ढाल येते. फणी काही तिची होत नाही. त्या हाडावर पातळ खवले असतात आणि हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीवर ते कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. कारागीर वापरत ते हे खवले. ते केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचेच. गरम पाण्यात मऊ पडतात, हवे तसे वाकतात आणि उष्णता व दाब दिला की दोन तुकडे एकजीवही होतात. 1830च्या दशकात अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या बायका जवळजवळ मीटरभर रुंदीच्या 'पेइनेतोन' फण्या मिरवत. एवढा मोठा एक खवला कुठून आणणार? तुकडे जोडूनच ती व्हायची. म्हणून मी 'समुद्री कासवाच्या खवल्यांची फणी' असं लिहीन. लांबलचक आहे खरं, पण चुकीचं नाही. (1977पासून ही कासवं साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या, सर्वांत कडक अशा परिशिष्ट 1मध्ये आहेत, तेव्हा जुन्या फणीच्या खरेदी-विक्रीतही कोणता पदार्थ लिहिला आहे याला महत्त्व आहे.)

आता 'फ्रेंच आयव्हरी'. यात हत्तीचा काडीचाही संबंध नाही. हे सेल्युलॉइड, म्हणजे नायट्रोसेल्युलोज हे रसायन आणि कापूर यांच्या मिश्रणाचं जुनं प्लास्टिक. अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने 1870च्या सुमारास ते बाजारात आणण्याजोगं केलं आणि पुढे फण्यांचा धंदा बराचसा त्याच्यावरच चालला. हस्तिदंताचा भास व्हावा म्हणून त्यात समांतर रेघा घालत, पण त्या फार शिस्तीत येतात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. फणी बोटाने जोरात चोळून कापराचा वास आला, तर सेल्युलॉइड समजा. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

मराठीत आणखी एक मेख आहे. 'हस्तिदंती फणी' म्हणजे हत्तीच्या दाताची, आणि 'हस्तिदंती साडी' म्हणजे त्या रंगाची. एकाच प्रत्ययाची ही दोन कामं, त्यामुळे 'हस्तिदंती रंगाची सेल्युलॉइडची फणी' असं सगळं उलगडून लिहा. 'फॉक्स टॉर्टॉइजशेल'ला (faux, म्हणजे अस्सल नसून तसं दिसणारं) 'नकली' म्हणू नये असं माझं मत. त्यात फसवणुकीचा वास येतो, आणि बनवणाऱ्यांनी तर तो माल उघडपणे विकला होता. 'कासवी नक्षीचं सेल्युलॉइड' पुरे.

कॅटलॉगमध्ये 'फ्रेंच जेट' आलं तर तिथेही हाच घोटाळा. जेट म्हणजे लाकडाचा दगडी कोळशासारखा झालेला काळा, हलका पदार्थ. इंग्लंडमध्ये व्हिटबी गावचा प्रसिद्ध. 'फ्रेंच जेट' मात्र निव्वळ काळी काच, हाताला गार आणि जड लागते. तिला 'काळी काच'च लिहा.