चहा-बिस्किटांवर निघणारा दिवस

प्रश्न : मुलगी पुण्यात हॉस्टेलवर आहे. आम्ही शाकाहारी. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव. दूध-दही तिनं सोडलंय. हल्ली सारखी चिडते, रडते, थकते. खाण्याचा संबंध असेल?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, असू शकतो. मला सगळ्यात जास्त खटकलं ते दूध-दही सोडणं. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतं. आपल्या शाकाहारात ते मुख्यतः दूध, दही, ताकातून मिळतं. ते कमी पडलं की थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा आणि उदासीही येऊ शकते. आधी बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासा. कमतरता मोठी असेल तर वाटीभर दह्यानं भरून निघत नाही. डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शनं देतील. हिमोग्लोबिनला लागणाऱ्या लोहासाठी मेसमधली मटकीची उसळ तिनं लिंबू पिळून खावी, चहा मात्र तासाभरानं, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ आठवड्यांच्या आहारबदलानं नैराश्याच्या अनेक रुग्णांना आराम पडला. तरीही रडणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर आहारावर विसंबून थांबू नका. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.