लंडनचं एलएलएम म्हणजे बॅरिस्टर नव्हे

ताई, नमस्कार. मुलगी पुण्यात बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे, एजंट म्हणतोय लंडनला वर्षभराचं एलएलएम केलं की बॅरिस्टर, आणि त्यासाठी तुम्ही मिरजेचा प्लॉट काढायला निघालाय. आधी प्लॉटचं थांबवा. एलएलएम ही नुसती एलएलबीच्या पुढची पदवी आहे, त्याने तिथे वकिली करायचा परवाना मिळत नाही.

आपल्याकडे एकदा सनद मिळाली की अशील भेटणं, कागद करणं, कोर्टात उभं राहणं सगळं एकच माणूस करतो. इंग्लंडमध्ये हे दोन धंदे आहेत. पक्षकार जातो सॉलिसिटरकडे, तो फाईल सांभाळतो, पत्रव्यवहार करतो, आणि मोठ्या कोर्टात केस गेली की बहुतेक वेळा बॅरिस्टर लावतो. क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, डोक्याला तो पांढरा केसांचा टोप घालून बोलणारा बॅरिस्टर, आणि सॉलिसिटरच्या ऑफिसचं माणूस मागच्या बाकावर कागद घेऊन बसलेलं. (हल्ली जादा परवाना काढून काही सॉलिसिटरही वरच्या कोर्टात बोलतात.) बॅरिस्टर बहुतेक स्वतंत्रच असतात, बरेच जण मिळून चेंबर्स, म्हणजे सामाईक ऑफिस, चालवतात आणि कामं वाटून देणारा, फी ठरवणारा तिथला क्लार्क, त्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही! अजून एक गंमत म्हणजे कॅब-रँक नियम, आपल्या विषयातली केस असेल आणि वेळ असेल तर पक्षकार आवडला नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. आपले रिक्षावाले ऐकताय ना.

बॅरिस्टर व्हायचं तर बार कोर्स, इन म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, त्या चारपैकी एकीचं सदस्यत्व, तिथली ठरावीक सत्रं, त्यात जेवणंही आली. बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधूनच बॅरिस्टर झाले. पण आज खरी अडचण त्याच्या पुढे आहे, वर्षभराची प्युपिलेज म्हणजे उमेदवारी, पहिले सहा महिने सिनिअरच्या मागे फिरायचं आणि पुढचे सहा स्वतःच्या केसेस. या जागा कमी आणि कोर्स पास झालेली पोरं कितीतरी जास्त, त्यामुळे बरेच जण इथेच अडकतात.

त्यापेक्षा सॉलिसिटरची वाट मला तिच्यासाठी जास्त जमणारी वाटते. २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई नावाची परीक्षा आहे. पहिल्या भागात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दोन पेपरांत, आणि त्याची केंद्रं इंग्लंडबाहेरही आहेत. दुसऱ्या भागात १६ कामं करून दाखवायची, अशिलाची मुलाखत, पत्र लिहिणं, कोर्टात बोलणं असं. एरवी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पण दुसऱ्या देशात आधीच सनद असलेल्या वकिलाला तो लागत नाही, म्हणून मी म्हणतोय की तिने आधी इथली डिग्री पुरी करावी, सनद घ्यावी, मुंबईत एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये (हो, इंग्रजांच्या वेळचं ते खातं मुंबईत अजून आहे) थोडं काम करावं आणि मग परीक्षेला बसावं. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात, त्यामुळे घाईत फॉर्म भरू नका.

परीक्षा पास झाली तरी तिथे नोकरी आणि व्हिसा देणारी फर्म शोधावीच लागते, ते एजंटच्या हातात नाही. त्याला एवढंच विचारा, एलएलएमनंतर प्युपिलेज कोण देणार आहे, ते कागदावर लिहून देतोस का? आणि मुलीला विचारून मला कळवा, तिला उभं राहून भांडायला आवडतं की टेबलावर बसून करार वाचायला?