जीभ सुजली यावर नाही, किती वाजता दिसली यावर केस उभी राहते

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका भाऊंनी विचारलंय. वडील ६३ वर्षांचे, सकाळी लकवा मारला, दोन तासांत धंतोलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, तिथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू केलं आणि थोड्या वेळात ओठ-जीभ सुजून श्वास अडकला, गळ्याला छेद देऊन नळी टाकावी लागली. आता वडील घरी आहेत. बीपीची रामिप्रिल गोळी चालू आहे हे कॅज्युअल्टीत सांगितलं होतं, तरी इंजेक्शन दिलंच. ४ लाख ८० हजार भरले, ८५ हजार बाकी, ते दिल्याशिवाय फाइल देत नाही म्हणतात. पोलिसात जायचं का?

भाऊ, आधी थोडं कडू सांगतो. अल्टेप्लेज, म्हणजे हे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, दिल्यावर जीभ सुजणं हा माहीत असलेला धोका आहे, शंभरात एक ते पाच जणांना होतो, आणि रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त. पण त्या गोळ्या चालू असल्या तर इंजेक्शन द्यायचंच नाही असा नियम नाही, साडेचार तासांच्या आत दिलं तर फायदा होतो म्हणून देतात. म्हणजे "सांगूनही दिलं" यावर तुम्ही उभे राहिलात तर समोरचा वकील दहा मिनिटांत केस झोपवेल.

मग तुमचा मुद्दा काय, तर सांगूनही लक्ष ठेवलं नाही. हे औषध आधी थोडा डोस एकदम आणि बाकीचं एक तासभर सलाइनसारखं जातं, या वेळात आणि पुढे दोन तासांपर्यंत दर १५ मिनिटांनी पेशंट तपासायचा असतो. सूज दिसली की इंजेक्शन बंद, सूज उतरवायची औषधं, आणि श्वासनलिका सांभाळायला भूलतज्ज्ञ लगेच हवा. तुम्ही लिहिलंय की आईनेच नर्सला सांगितलं, "यांची जीभ जाड वाटून राहिली, बोलणं पण बदललं," आणि नर्स म्हणाली लकव्याने होते तसं. बस, मला हेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. आईने किती वाजता सांगितलं, नर्सिंग चार्टवर त्या वेळेला काय लिहिलंय, इंजेक्शनचा पंप किती वाजता बंद केला, सगळं मिनिटांत लावून बघा. आईचं म्हणणं आजच तिच्याच शब्दांत लिहून सही घेऊन ठेवा, नंतर आठवणी सरकतात.

फाइलचं म्हणाल तर बिलाची बाकी आणि कागद यांचा संबंध नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्ट. अर्जात नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, संमतीपत्र, आयसीयूच्या नोंदी असं नाव घेऊन मागा, नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात ठेवतील. संमतीपत्रावर मेव्हण्याची सही आहे म्हणता, त्याने तुमचा हक्क जात नाही, ती निष्काळजीपणाची परवानगी नसते.

पोलिसात सध्या नको. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि वडील सुखरूप आहेत म्हणून मृत्यूचं कलम लागतच नाही. ग्राहक आयोगात जा, १९९५ पासून पैसे घेऊन केलेला उपचार तिथे चालतो. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत २ वर्षं, तुमचे आठ महिने गेलेत. त्याआधी एखाद्या न्यूरोलॉजिस्टचं लेखी मत मिळवा, नागपुरात एकमेकांविरुद्ध कोणी लिहीत नाही हे मला माहीत आहे, म्हणून बाहेरगावचा बघा. आणि ८५ हजार भरायची वेळ आलीच तर पावतीसोबत "हक्क राखून भरतो" असं लेखी देऊन भरा.