केस विरळ झालेत, नैसर्गिक उपायांनी पुन्हा दाट होतील का? (नाशिकला राहते)

ते कारणावर अवलंबून आहे, म्हणून आधी कारण शोधा. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएट झालं असेल तर आता केस गळणं साहजिक आहे आणि ते बहुतेकदा आपोआप थांबतं. दिवसाला 50 ते 100 केस तसेही सगळ्यांचेच गळतात.

तेलाने नवे केस उगवत नाहीत. खोबरेल तेल धुण्याआधी लावलं तर केस कमी तुटतात, एवढंच. पण तेही कमी नाही, कारण तुटणं थांबलं की केस भरलेले दिसतात.

खरा फरक ताटात पडतो, कारण अंगात लोह कमी असलं तरी केस गळतात. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्याकडे सहज मिळते, तिची भाकरी करा. सोबत मटकीची उसळ, वर लिंबू पिळून, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. अळीव रात्री भिजवून सकाळी दुधातून घ्या किंवा लाडू करा. आणि जेवल्याबरोबर चहा नको! चहा लोह नीट शोषू देत नाही. नाशिककरांना हे जड जातं, पण तासभर थांबाच.

बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या. ओले केस विंचरू नका, घट्ट अंबाडा टाळा.

केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणून सहा महिने तरी धीर धरा. भांग रुंद होत असेल किंवा चाई पडली असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.