अपडेट चालू असताना लाइट गेली, राउटर उठेना

प्रश्न : फर्मवेअर अपडेट करताना लाइट गेली. आता राउटरचा पॉवरचा दिवा नुसता लुकलुकतो, वायफायचं नाव दिसत नाही. टाकून देऊ का? – एक वाचक, सेलू

उत्तर : ताई, टाकू नका! अर्धवट राहिलंय ते फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. त्याच्या आधी जागा होऊन त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, बहुधा शाबूत असतो.

आधी अ‍ॅडॅप्टर बघा. परभणीत माझ्याकडे असाच 'मेलेला' राउटर आला होता. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चा अ‍ॅडॅप्टर लावलेला.

तो ठीक असेल तर लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (बूटलोडरला केबलवरून फर्मवेअरची फाइल देणारा प्रोग्राम) चालू करा, फायरवॉल तेवढ्यापुरता बंद. राउटरच्या लॅन पोर्टला केबल जोडून लॅपटॉपला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हातानं द्या. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांना १९२.१६८.०.६६ लागतो. फर्मवेअर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. राउटर उलटा करून स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन वाचा. व्ही२ ची फाइल व्ही३ ला चालत नाही. बूटलोडर मागतो तेच नाव फाइलला द्या, अक्षर चुकलं की तो ती घेतच नाही. रिसेट दाबून धरा, तसाच राउटर चालू करा, दहाएक सेकंदांनी सोडा. फाइल गेली की पाच मिनिटं हात लावू नका.

आणि ताई, हे सगळं इन्व्हर्टरवरच करा. आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा धरू नका.