प्रार्थना करूनही भीती जात नसेल, तर धैर्य आणायचं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी गेली आहे, घरात वडिलांचं आजारपण आहे. चर्चच्या मंडळीत सगळे ‘तुमचा विश्वास किती दृढ!’ म्हणतात आणि रात्री मात्र छातीत धडधडतं. देवाकडे तक्रार करायचीही लाज वाटते. प्रार्थनेनंतरही भीती तशीच राहते, म्हणजे आपला विश्वास लटका आहे का?

मला तसं वाटत नाही, आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. मग पालथा पडून एकच मागणं, तीनदा: शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे समोर आलेलं हे दुःख, टळू दे. प्याला टळत नाही. ज्यांना जागं राहायला सांगितलं ते दर वेळी झोपलेले सापडतात. तरी शेवटी तो त्यांना म्हणतो, ‘उठा, आपण जाऊ.’ तोवर परिस्थितीत काडीचाही फरक पडलेला नव्हता. उलट पकडायला येणारे जवळ येऊन ठेपले होते. ख्रिस्ती धैर्य म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी या एवढ्याशा वाक्याकडे बोट दाखवतो.

लोकांना दिसणारे तुम्ही आणि आतले तुम्ही यांत अंतर पडलंय, याचाही तुम्हाला त्रास होतोय. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर १९४३ पासून तुरुंगात होते. तिथे १९४४ मध्ये लिहिलेल्या एका कवितेत त्यांनी नेमकं हेच मांडलंय. लोक म्हणतात मी कोठडीतून शांत, प्रसन्न चेहऱ्याने बाहेर येतो. आत मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तगमगतोय. मग यातला खरा मी कोणता? याचा निकाल ते लावत बसत नाहीत. कोणीही असलो तरी देवा, मी तुझा आहे, इथे कविता थांबते. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिली गेली.

तक्रारीची लाज मात्र सोडून द्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी चक्क गाऱ्हाणी आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते ‘कोठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारत. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. ते गाळून टाकावं असं ही स्तोत्रं जपणाऱ्यांना वाटलं नाही. वधस्तंभावरची येशूची हाक, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, हीसुद्धा बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. परक्यापाशी कोण कशाला रडेल? तुम्ही देवापुढे रडता, त्याच्यावर चिडता, याचाच अर्थ तो तुम्हाला आपला वाटतो. (‘सगळं देवाच्या इच्छेनं होतं, रडायचं नसतं’ म्हणणाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नका. बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचं उत्तम चाललं होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.)

आता धैर्य येतं कुठून? मला सर्वांत पटलेलं उत्तर बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा ठाकलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीची एक धमकी येताच जीव घेऊन पळतो. बैर-शेबाला चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची मजल रानात चालत जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, आता माझा जीव घे. यावर देव त्याला एका शब्दानं दटावत नाही. झोपू देतो. मग देवदूत हात लावून उठवतो, ‘ऊठ, हे खा.’ बघतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन पिऊन हा पुन्हा आडवा होतो! देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला लावतो, आणि या खेपेला कारण सांगतो की पल्ला लांबचा आहे. त्या अन्नाच्या बळावर एलीया देवाच्या डोंगरापर्यंत, होरेबापर्यंत, चाळीस दिवस चालतो. देवाशी सविस्तर बोलणं होतं ते त्यानंतर. तिथे ‘मी एकटाच उरलोय’ हे पालुपद तो दोनदा लावतो. तेव्हा देव सांगतो की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत. आणि अलीशा नावाच्या माणसाला एलीयाने स्वतःच्या जागी संदेष्टा नेमावं असंही सांगतो.

घरात आजारपण आणि डोक्यावर बेकारी असली की आधी काय सुटतं? वेळेवर जेवण, झोप आणि माणसं. एलीयाला नेमकं तेच परत मिळालं. त्यामुळे रात्री दोन वाजता स्वतःशी झगडत प्रार्थना लांबवत नेण्यापेक्षा, ‘आजचं एवढंच जमलं, बाकी तू बघ’ म्हणून अंथरुणाला पाठ टेकणं हे माझ्या लेखी जास्त विश्वासाचं काम आहे. आमच्याकडे दुखणं लांबलं तेव्हा मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना सुचायचीच नाही. पाठ असलेली, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो, बस. तिच्यात भाकर मागितली आहे तीही फक्त आजची.

विश्वास धरला की शेवट गोड होईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, देवाने काढावा म्हणून तीनदा विनवणी केली, त्याला उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. काटा राहिलाच. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ, मग नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी टाकलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. हे वाचून मला बरं वाटतं असं नाही, पण यातून आधार मिळतो. बरं वाटणं आणि आधार मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मदत मागा, अगदी नेमकी. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं बायबलमधलं दुसरं पत्र वाचा. पौल बेड्यांत आहे, मरण समोर दिसतंय, ‘मी सुयुद्ध केले आहे’ हे प्रसिद्ध वाक्य त्यातलंच. आणि त्याच पानावर तो लिहितो: त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाकडे माझा झगा राहिलाय तो घेऊन ये, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याआधी येण्याचं बघ. सगळ्यांनी मला सोडलं पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असंही म्हणतो, तरी त्याला झगा हवाच असतो. सोबतीला एकटा लूक आहे. लूक वैद्य होता. तेव्हा धडधड आणि जागरणं अशीच चालू राहिली तर डॉक्टरांना दाखवण्यात विश्वासाला काही बाध येत नाही.

मंडळीत ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढंच म्हणून घरी येऊ नका. येत्या रविवारी उपासनेनंतर दोघा-तिघांना गाठून सरळ विचारा: मंगळवारी मला मुलाखतीला जायचंय, बाबांजवळ दोन तास कोण बसेल? माझ्या कामासाठी कुणाकडे शब्द टाकाल का? लोकांना बऱ्याचदा काहीतरी करायचं असतं, पण काय करावं ते त्यांना सुचत नसतं.